हजेरीचे बारा दिवस

माझी आई विडी वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात हे निम्म्या घरांना लागू पडेल. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्रीनं कापलेली पानं, आणि संध्याकाळी हजार विड्या मोजून विडी कंपनीच्या ब्रँचला द्यायच्या. त्यातल्या कितीतरी खराब म्हणून बाजूला काढल्या जायच्या, त्यांचे पैसे नाहीत. कष्ट वाईट होते आणि खोकला तिला अजून सोडत नाही. पण तिच्याकडे विडी कामगाराचं कार्ड होतं. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही पीएफ लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ठरलेलं होतं. त्यामागे लाल बावट्याचे किती मोर्चे होते, ते आम्ही लहानपणी पाहिलंय. त्या पीएफच्या पैशातून माझ्या बहिणीचं लग्न झालं. कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग त्यांच्या चाव्या द्यायला आले होते. त्यातलं एक घर माझ्या मावशीचं. तेसुद्धा ती विडी कामगार म्हणून नोंदलेली होती म्हणूनच.

आणि मी, त्या बाईचा मुलगा, शाळेच्या गणवेशाचा शिलाई कारखाना चालवत होतो, आणि माझ्याकडच्या एकाही बाईकडे कसलाच कागद नव्हता.

माझ्याकडे दोन शटर होती. एक माझ्या नावावर, एक बायकोच्या. मधली भिंत मी स्वतः पाडून दार केलं होतं, म्हणजे कारखाना एकच. पण कागदावर दोन, आणि दोन्हीकडे माणसं कमी. वीस माणसं झाली की पीएफ लागतो, दहा झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं, आणि त्या आकड्यांच्या खाली कसं राहायचं हेही. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी वही काढायची, नग मोजायचे, उचल वजा करायची, रोख पैसे हातात. कुणाच्या घरी आजारपण आलं की मी हजार-दोन हजार द्यायचो आणि ते उचलीत चढवायचो. आपण माणसं सांभाळतो असं मी समजत होतो.

मार्च २०२० मध्ये ते संपलं. आमचा सीझन मार्च ते जुलैचा. लॉकडाऊन लागला तेव्हा कटिंग टेबलावर पांढऱ्या शर्टांचे थर तसेच कापून पडले होते. शाळाच नाहीत तर गणवेश कुणाला हवेत. मी दोन वेळा धान्याचे किट वाटले, तिसऱ्या वेळी माझ्याकडेही नव्हतं. त्याच दिवसांत सरकारनं पीएफमधून करोनासाठी आगाऊ रक्कम काढायची सोय केली. तीन महिन्यांचा पगार किंवा खात्यातले ७५ टक्के, यातलं जे कमी असेल ते. आमच्या गल्लीतल्या विडीवाल्या बायकांनी ते पैसे काढले. माझ्याकडे काज-बटण करणाऱ्या मावशी, नात्यातल्या नव्हेत, शटरपाशी येऊन मला विचारून गेल्या, "दादा, आपलं असं काही असतंय का?" त्यांच्या जावेला मिळाले होते. मी नाही म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत, पदर तोंडाला लावून चालत गेल्या. तो प्रश्न मला दीड वर्ष पुरला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा हळूहळू उघडायला लागल्या, ऑर्डरी सुरू झाल्या आणि मी ठरवलं की आता दोन्ही शटर एका नावावर, आणि सगळी नोंदणी. खरं सांगायचं तर एकट्या चांगुलपणावर झालं नाही. आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेची मुदत मार्च २०२२ पर्यंत होती. नव्या नोंदणीतल्या नव्या सभासदांचा, पगार पंधरा हजारांच्या आत असेल तर, मालकाचा १२ टक्के आणि कामगाराचा १२ टक्के असा दोन्ही हिस्सा दोन वर्षं सरकार भरणार होतं. दोन वर्षांत आपण उभे राहू, मग भरू, असा माझा हिशेब. लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी फुकट आणि दहा मिनिटांत झाली. पीएफ आणि ईएसआयचे नंबरही ऑनलाइन अर्जावर आले. बावीस माणसं, डिसेंबर २०२१.

नंबर आला म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं. तिथून पुढचे चार महिने मी शिलाईपेक्षा आधार कार्डंच जास्त हाताळली.

एकीचं आधारवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं. तिघींची जन्मतारीख १ जानेवारी, कारण शाळेत कुणी तरी तशी टाकलेली. आमच्याकडची नावं तेलुगू, ती मराठी कारकुनानं एक प्रकारे लिहिली आणि मशीननं इंग्रजीत दुसऱ्या प्रकारे. आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा किंवा मुलाचा. ओटीपी यायचा तो मुलाच्या फोनवर, मुलगा पुण्यात कामाला. दुपारी जेवायच्या सुट्टीत आम्ही त्याला फोन लावायचो आणि तो उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपायची. ओव्हरलॉकवर बसणाऱ्या ताईचं नाव दुरुस्त व्हायला तीन फेऱ्या लागल्या, आणि प्रत्येक फेरीला तिची अर्धी हजेरी बुडाली. नोंदणीची पहिली किंमत कामगार देतो, ती अशी. मी त्या अर्ध्या दिवसांचे पैसे द्यायला लागलो, पण चौथ्या-पाचव्या बाईपासून. आधीच्यांचे बुडालेच.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानीमनी नव्हती. तिघींकडे जुनं विडी कार्ड होतं. त्या घरी थोडी विडी वळायच्या आणि सीझनला माझ्याकडे यायच्या. त्यांनी नोंदणीला साफ नकार दिला. "हितं नाव लागलं तर तिकडचं जाईल." मुलांना विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती मिळत होती. त्यांची भीती खोटी आहे असं छातीठोकपणे सांगता येईल एवढं मला माहीत नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही. दोघी माझ्याकडून सोडून गेल्या. तिसरी राहिली, पण तिचा पीएफ नंबर जुना असल्यामुळे ती योजनेत बसली नाही आणि तिचे पैसे पहिल्या महिन्यापासून कापले गेले. शेजारच्या मशीनवरच्या बाईचे कापले जात नाहीत आणि आपले जातात, हे तिला समजावताना माझी जीभ अडखळायची.

शनिवारचा पगारही असाच. पीएफचे कागद बघणारे सल्लागार म्हणाले, महिन्याला एकदा बँकेत टाका, हिशेब सोपा. मी एक महिना तसं केलं. दुसऱ्याच आठवड्यात तीन बायका रडकुंडीला आल्या. बचत गटाचा आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता आठवड्याला असतो, वसुलीला येणारा माणूस महिनाअखेर म्हणून थांबत नाही. मग मी आठवड्यालाच, पण बँकेत टाकायला लागलो. त्याचं एक बरं झालं. ज्या दोघी-तिघींनी स्वतःचं एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवलं, त्यांच्या पैशाला घरात जरा वेगळी जागा मिळाली.

आता जे मुख्य सांगायचंय त्याकडे येतो. त्यात चूक माझी आहे.

आमच्याकडे मजुरी नगावर. कॉलरला इतके, बाहीला इतके, काज-बटणाला इतके. नोंदणी झाली की पगारपत्रकात रोजचा दर दाखवावा लागतो आणि तो सरकारच्या किमान वेतनाच्या खाली दाखवता येत नाही. आता काज-बटणाची मावशी महिन्याला बावीस दिवस यायच्या आणि त्यांचे नगावर पाच हजारांच्या आसपास व्हायचे. बाविसाने भागलं तर रोजचा आकडा किमान वेतनाच्या निम्म्याजवळ यायचा. सल्लागारांनी वही पाहिली आणि सहज म्हणाले, "दर पूर्ण लावा, हजेरी बारा दिवस दाखवा. सगळे हेच करतात." पाच हजार म्हणजे बारा दिवसांचे किमान वेतन. गणित जुळलं. हातात पडणारे पैसे तेवढेच, मावशींना काही कळायचं कारण नाही. पीएफच्या महिन्याच्या विवरणात न भरलेल्या दिवसांचा एक रकाना असतो, त्यात उरलेले दिवस गेले. मी सही केली. सोळा महिने करत राहिलो.

पहिल्यांदा तर त्यातून चांगलंच घडल्यासारखं दिसलं. ओव्हरलॉकवाली ताई ऑक्टोबर २०२२ मध्ये बाळंत झाली. ईएसआयच्या बाळंतपणाच्या लाभासाठी आधीच्या दोन अंशदान काळांत, म्हणजे वर्गणीच्या सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत, मिळून ७० दिवस भरलेले लागतात. तिची कमाई जरा बरी, म्हणून तिचे दिवस जास्त दाखवलेले होते. तिच्यासाठी डिसेंबर ते मार्चचे दिवस धरले गेले, मिळून ७४. चार दिवसांनी ती वाचली. सव्वीस आठवड्यांचे पैसे तिच्या खात्यात आले, सत्तर हजारांच्या वर. तिच्या सासूनं पेढे आणले. आमच्याकडे पंधरा वर्षांत बाळंतपणाला बाई गेली की तिची जागा भरली जायची, एवढंच माहीत होतं. त्या दिवशी मी आईला जाऊन सांगितलं, आणि आपण खरंच काही केलं असं मला वाटलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मावशींचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. ईएसआयमध्येच झालं, ऑपरेशनचा आणि औषधांचा एक रुपया लागला नाही, ही गोष्ट मोठी आहे आणि ती मी मुद्दाम लिहितो. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. आजारपणात ईएसआय पगाराच्या ७० टक्के रोख देतं, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. अट एवढीच, की आधीच्या सहा महिन्यांच्या अंशदान काळात ७८ दिवस भरलेले हवेत. मी सर्टिफिकेटं घेऊन गेलो. खिडकीमागच्या माणसानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. एप्रिल ते सप्टेंबर २०२२, बारा गुणिले सहा, बहात्तर. "सहा दिवस कमी आहेत. बसत नाही." त्या सहा महिन्यांत मावशी माझ्यासमोर एकशे तीसपेक्षा जास्त दिवस खिडकीखालच्या त्या बाकावर बसल्या होत्या. जून महिन्यात तर रविवारीसुद्धा.

मी बाहेर येऊन गाडीवर बसून राहिलो. ती युक्ती काय करते हे तेव्हा समजलं. ज्याची कमाई जास्त, त्याचे दिवस जास्त दिसतात आणि तो बसतो. ज्याची कमाई सगळ्यात कमी, त्याचेच दिवस सगळ्यात कमी, आणि तोच बाहेर पडतो. ज्या बाईसाठी म्हणून हे सगळं सुरू केलं, नेमकी तीच सहा दिवसांनी बाहेर, आणि ते सहा दिवस मी खाल्ले होते.

मी मावशींच्या घरी गेलो, खरं ते सांगितलं आणि सहा आठवड्यांच्या सत्तर टक्क्यांचा हिशेब करून पैसे पाकिटात नेले होते ते ठेवले. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. म्हणाल्या, "तुमच्याकडचं नको दादा. ते उचल होतंय." मी म्हणालो, उचल नाही, परत द्यायचे नाहीत. त्या म्हणाल्या, "आज नाही म्हणता. उद्या मला दुसरीकडं जायचं झालं तर माझ्या तोंडातून निघंल का?" सरकारकडून आले असते तर त्यांनी मोजून घेतले असते, आभारसुद्धा मानले नसते. मानायचं कारणच नव्हतं. हा फरक मला पंधरा वर्षं पैसे वाटून कळला नव्हता. शेवटी त्यांच्या मुलीनं पाकीट ठेवून घेतलं. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या.

एप्रिल २०२३ पासून खरी हजेरी लावायला सुरुवात केली. खरी हजेरी म्हणजे खरा रोज, आणि खरा रोज म्हणजे नगाचे दर वाढवणं. सल्लागारांनी समजावून पाहिलं, मग वेगळे झालो. दर वाढवले तसा महिन्याचा पगार २,४०,००० वर गेला. योजना संपल्यावर मालकाचा भाग पीएफचा सगळा मिळून १३ टक्के आणि ईएसआयचा सव्वातीन, म्हणजे सव्वासोळा टक्के. ३९,००० रुपये. सीझनला महिन्याला नऊ हजार शर्ट निघतात, तर एका शर्टामागे सव्वाचार रुपयांच्या वर. शहरातल्या वाचकाला सव्वाचार रुपये काही वाटणार नाहीत. आमच्याकडे व्यापारी आठ आण्यांसाठी पार्टी बदलतो. सरकारी शाळांच्या मोफत गणवेशाला समग्र शिक्षामध्ये दोन जोडांचे मिळून ६०० रुपये मिळतात. एका जोडाचे ३००, त्यात कापड, शिलाई, वाहतूक आणि मधल्या सगळ्यांचं. जे सरकार मला पीएफ भरायला सांगतं तेच सरकार गणवेशाची ही किंमत ठरवतं, आणि या दोन खात्यांची कधी एकमेकांशी भेट झालेली दिसत नाही. त्या किमतीत शिवणाऱ्या बाईचा म्हातारपणाचा पैसा मोजलेलाच नाही. एक जुना व्यापारी मला सोडून गेला. दोघांनी अडीच रुपये वाढवून दिले. बाकी मी सोसतो, आणि एक काजाचं ऑटोमॅटिक मशीन घ्यायचं होतं ते घेतलेलं नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये योजनेची दोन वर्षं संपली आणि जानेवारीपासून कपात सुरू झाली. मी महिनाभर आधीपासून सांगत होतो, तरी पहिल्या आठवड्यात कारखान्यात आवाज चढले. दहा हजारांच्या मागे बाराशे म्हणजे घरचा किराणा. मागच्या गल्लीत सगळं रोख आणि शर्टामागे रुपया जास्त. दोघी तिकडे गेल्या. त्यातली एक माझी सगळ्यात चांगली कॉलरवाली. तिला मी दोष देत नाही. तिच्या मुलाची फी त्या महिन्यात भरायची होती, आणि मी तिला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाचं सांगत होतो. पेन्शनला किमान दहा वर्षं नोकरी लागते आणि किमान पेन्शन २०१४ पासून महिन्याला हजार रुपयेच आहे. माझ्या आईला त्याच्याच आसपास मिळते. एवढ्यावर कुणाला थांबवायचं?

ज्या थांबल्या त्या का थांबल्या, याचं मला एक कारण ठाऊक आहे. कपात सुरू झाल्यावर मी दर महिन्याच्या वीस तारखेनंतर जेवायच्या सुट्टीत एकेकीला तिच्या फोनवर पासबुक उघडून दाखवायला लागलो. बाही जोडणारी एक बाई, पस्तिशीची, अबोल. तिच्या खात्यात तोपर्यंत चाळीस हजारांच्या वर जमलं होतं, बरंचसं त्या दोन वर्षांतलं. तिनं आकडा पाहिला, फोन माझ्या हातातून घेतला, बोटानं वर-खाली केलं.

"हे माझ्याच नावावर हाय?"

"तुमच्याच."

"त्यांना कळतंय का?"

त्यांना म्हणजे नवऱ्याला. मी म्हणालो, फोन तुमचा असेल तर नाही कळत. तिनं स्क्रीन बंद केली, फोन ब्लाउजमध्ये ठेवला आणि मशीनवर जाऊन बसली. पुढच्या आठवड्यात तिनं आधारला नवऱ्याच्या जागी स्वतःचा नंबर जोडून घेतला. त्या फेरीसाठी तिनं माझ्याकडे सुट्टीही मागितली नाही, स्वतःच्या रविवारी जाऊन कुठून तरी करून आली.

राहिल्या होत्या घरी काम नेणाऱ्या चौघी. सीझनला गठ्ठे घरी नेतात, बटणं लावून, धागे कापून आणतात. त्या माझ्या कुठल्याच कागदावर नव्हत्या. खरी हजेरी लावायची म्हणालो तरी यांची हजेरी कशी लावणार? त्या येतच नाहीत. रात्री अकराला लावलेली बटणं कुठल्या दिवसात धरायची? नवे सल्लागार म्हणाले, विषय काढू नका. मी दिवाळीत आईकडे गेलो होतो तेव्हा तिला हे सांगितलं. ती भाकरीला पीठ मळत होती. तिला प्रश्नच कळला नाही. "आम्ही कधी ब्रँचमध्ये जाऊन बसत होतो? हजार विड्या म्हणजे एक रोज. पाचशे दिल्या तर अर्धा. तुझी बटणं किती होतात ते बघ की."

म्हणून मी बघितलं. मावशी आता पुन्हा बाकावर असतात, पूर्वीसारखं बोलतात, पूर्ण नाही. मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, घरातलं सगळं आवरून बाई दिवसात किती करील ते कारखान्यात बसून कळायचं नाही, गठ्ठे माझ्याकडं द्या. चार दिवस त्यांनी शर्ट घरी नेले आणि दिवसाचा आकडा आणून दिला. एकशे चाळीस. मी एकशे पन्नास धरू म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "एकशे चाळीस." तोच धरला, आणि तेवढ्या शर्टांना पूर्ण रोज बसेल असा दर केला.

चौघींचे अर्ज भरले तेव्हा पुन्हा एकीची जन्मतारीख १ जानेवारी निघाली. पहिल्या महिन्याच्या हजेरीपटात त्यांच्या नावापुढे मी स्वतःच्या हातानं आकडे लिहिले. २१, १९, २३ आणि १७.